न धावलेले किलोमीटर

१

गाडीच्या काट्यांमध्ये पिवळी अक्षरं उमटली तेव्हा लुलवाने ती बटण दाबून घालवून दिली. मागच्या सीटवर सहा महिन्यांची हया गळा काढून रडत होती, जमइया या वस्तीच्या सहकारी दुकानासमोर गाडी लावायला जागा मिळत नव्हती, आणि ‘इंजिन ऑईल लवकरच बदला’ हे सांगायला गाडीला नेमका हाच मुहूर्त सापडला होता. बघू नंतर, असं ती पुटपुटली. बाळ झाल्यापासून ‘नंतर’चा ढिगारा एवढा वाढला होता की त्यात आणखी एक पडल्याचं तिला जाणवलंही नाही.

खरं तर तिला जाणवायला हवं होतं. लुलवा इंजिनियर, हया पोटात असेपर्यंत गाड्यांच्या एका एजन्सीत सर्व्हिसच्या काउंटरवर बसायची. असले दिवे घेऊन आलेली, वैतागलेली माणसं तिने पोत्याने पाहिली होती. पण झोप न झालेल्या माणसाला शिकलेलं आठवत नाही.

मग शुक्रवार उजाडला. कुवेतमधल्या रुमैथिया वस्तीतल्या त्या तीन मजली घरात शुक्रवारी सगळे खाली एकत्र जेवत. तळमजल्यावर सासरे आणि धाकटा दीर जर्राह, मधल्या मजल्यावर लुलवा, सगळ्यात वर थोरला दीर फलाह, बायकामुलांसकट. लुलवाचा नवरा मिशारी आठवडाभर उत्तरेच्या तेलक्षेत्रावर असे आणि आठवडाभर घरी. हा आठवडा तिकडचा होता. फलाहची बायको मुलांना घेऊन माहेरी गेली होती. सासऱ्यांना सगळी वस्ती थोरल्या मुलाच्या नावाने बू फलाह म्हणायची. ते चार घास भात खाऊन उठले, हात धुतले आणि मशिदीत बसतो म्हणून निघून गेले. दार लागल्याची खात्री झाली तसा फलाह बोलायला लागला.

गाडीचा दिवा त्यालाही दिसला होता. आता तर गाडी ‘लवकरच’ म्हणत नव्हती, ‘आत्ताच’ म्हणत होती. काल तो ऑईलच्या दुकानात गेला. दुकानदाराने पुढच्या काचेवरचं स्वतःचंच स्टिकर वाचलं आणि हसला. पाच हजार किलोमीटरवर या असं लिहून दिलं होतं, गाडी तर हजारसुद्धा चालली नव्हती. आणि चालणार कशी, सुट्ट्यांमुळे शाळा बंद, पोरांना सोडणं-आणणं बंद. फलाहने तिथल्या तिथे निष्कर्ष काढला. मंत्रालयात हिशेब तपासण्यात त्याचा जन्म गेला होता.

“गाडी म्हणते ऑईल संपलं. मीटर म्हणतो गाडी फिरलीच नाही. दोघांपैकी एक खोटं बोलतंय,” तो म्हणाला. “आणि मीटर मागे फिरवून देणारे शुवैखच्या गॅरेजांच्या गल्लीगल्लीत बसलेत.”

मीटर कुणी फिरवला असेल, हे त्याने बोलायचीही गरज नव्हती. घरच्यांखेरीज किल्ली हाताळणारा माणूस एकच, ड्रायव्हर मस्तान. फलाहच्या मते तो गाडी भाड्याने पळवत होता. विमानतळाच्या फेऱ्या मारून वरचे किलोमीटर पुसून टाकत होता. पेट्रोलही हल्ली जास्त लागत होतं. उद्या, शनिवारी रात्रीच्या विमानाचं तिकीट काढून झालं होतं. रविवारी इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, रद्द. चोर म्हणून ज्याला परत पाठवलं त्याला पुन्हा या देशात कोणी उभं करत नाही, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. मस्तानची थोरली मुलगी कडप्प्याला नर्सिंग शिकत होती, हे मात्र फक्त लुलवाला माहीत होतं.

बाबांना यातलं काही कळता कामा नये, असं फलाहने बजावलं. आईला जाऊन वर्ष झालं नाही, त्यात हा ताप नको.

लुलवा हयाला खांद्यावर घेऊन जिना चढली. अर्ध्या जिन्यात तिला आठवलं. मागच्या वेळी ऑईल बदललं तेव्हा ती स्वतः गाडीत होती. नवे टायरही त्याच दिवशी बसवले होते. तिने स्वतःच्या बोटाने बटण दाबून धरलं होतं आणि शंभर टक्क्यांचा आकडा डोळ्यांनी पाहिला होता. म्हणजे दुकानदार रीसेट करायला विसरला, ही पळवाटही बंद.

गाडी खोटं बोलत नव्हती. मग मीटर?

२

संध्याकाळी ऊन उतरल्यावर ती हयाला घेऊन खाली शेडमध्ये गेली. गाडीभोवती फिरली, टायरपाशी उकिडवी बसली आणि एका हाताने रबर चाचपू लागली. जर्राह फाटकातून आत येत होता. वीस वर्षांचा, केसांना तेल, डोळ्यांत कायमची पेंग. त्याला गाड्या गरागरा फिरवायचा नाद होता, दोनदा पोलिसांनी दंड केला होता. लुलवाच्या मनातल्या यादीत दुसरं नाव त्याचंच होतं.

“टायरला दूध पाजताय का, उम हया?” त्याने हयाच्या आईला विचारलं.

तिने सरळच विचारलं, ही गाडी घेऊन मैदानावर गेला होतास का.

त्याला खरंच वाईट वाटलं. “या म्हशीला घेऊन? माझी काही इज्जत आहे की नाही?”

तिने त्याला टायरची कड दाखवली. नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात. कडेचे केस अजून जागच्या जागी होते आणि मधली नक्षी कोरीव दिसत होती. गाडी गरगर फिरवली असती तर त्यातलं काही उरलं नसतं. आणि महिनाभर विमानतळाच्या फेऱ्या मारल्या असत्या तरी नक्षी अशी राहिली नसती. मीटर मागे फिरवता येतो. टायरला केस पुन्हा उगवत नाहीत.

“म्हणजे मी सुटलो,” जर्राह म्हणाला.

“तूही आणि मीटरही.”

“मग ऑईल प्यायलं कुणी?”

लुलवा चाकाला टेकून खालीच बसली. उभं राहायचा कंटाळा आला होता. एजन्सीत रोज दहा वेळा जे सांगायची तेच तिने त्याला सांगितलं, फक्त इथे घाई नव्हती. काही गाड्या नुसते किलोमीटर मोजतात, स्टिकरसारख्या. ही तशी नव्हती. पण ही ऑईल पाहतही नाही. ऑईलमध्ये तिचा कुठला डोळा बुडवलेला नसतो. ती आतल्या आत हिशेब करते. इंजिनाने किती फेरे घेतले, घेताना ते किती तापलं, किती वेळा थंड सुरू करून गरम व्हायच्या आत बंद केलं. अशा प्रत्येक गोष्टीमागे ऑईलचं आयुष्य शंभरातून कमी होत जातं, आणि शून्य जवळ आलं की दिवा लागतो. गाडी किती लांब गेली हे तिच्या लेखी दुय्यम. इंजिन किती राबलं, ते खरं.

तिने जर्राहला मोजून दाखवलं. थंड इंजिन ऑगस्टमध्ये कुवेतला शोधूनही सापडणार नाही, ते गेलं. रगडून पळवली म्हणावं तर टायर नको म्हणतात. उरलं एकच, चाकं थांबलेली आणि इंजिन चालू. एसी लावून, तासन् तास. एजन्सीतल्या सवयीने तिने ऑईल बदललं त्या दिवशी प्रवासाचा छोटा मीटरही शून्यावर आणला होता. तिने किल्ली फिरवली आणि सरासरी वेग काढला. ताशी सात किलोमीटर.

“एवढ्या वेगाने तर बाबा मशिदीत जातात,” जर्राह म्हणाला.

मग तो थांबला. डोकं खाजवत म्हणाला की चालू गाडी त्याने बघितली होती, एकदा नाही, कितीतरी वेळा. दुपारी सगळं घर झोपलेलं असताना तो बाहेर पडायचा, तेव्हा ही शेडमध्ये घुरघुरत असायची. कधी पहाटे परतायचा तेव्हाही. काचेला उन्हाचा पडदा लावलेला. मस्तान आत झोपला असेल असं समजून तो पुढे जायचा. या गावात दुकानासमोर, मशिदीसमोर, न्हाव्यासमोर रिकाम्या गाड्या एसी लावून उभ्या असतात. चालू गाडीकडे वळून बघतो कोण?

लुलवाने मीटर सोडवला होता, आणि त्याच दोरीने मस्तानला बांधलं होतं. रात्री फलाहला हे सांगितलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “म्हणजे भाडी मारत नव्हता, माझ्या पेट्रोलवर झोपा काढत होता. बरं झालं. तिकीट तेच राहील.”

३

फाटकाशेजारच्या खोलीत मस्तान पुठ्ठ्याच्या खोक्याला सुतळी आवळत होता. शनिवारची सकाळ. खोक्यावर त्याने जाड अक्षरात आपलं नाव आणि गावाचं नाव लिहिलं होतं. लुलवाने खोलीत पाय ठेवताच तिला पहिली गोष्ट जाणवली ती गारवा. खिडकीतला एसी मस्त चालला होता. ज्याची खोली अशी गार, तो गाडीत कशाला झोपेल?

तिने तेच विचारलं. मस्तानने हयाकडे पाहिलं. रडणारी हया त्याच्या गाडीत बसली की दुसऱ्या वळणाला झोपायची, म्हणून लुलवा कधी कधी काही काम नसताना समुद्रावरून चक्कर मारून यायची. तो एक शब्द न बोलता गाडी इतकी अलगद चालवायचा की सिग्नलला थांबल्याचंही कळत नसे.

“मी गाडी चालवतो, मॅडम,” तो म्हणाला. “गाडीत बसून राहत नाही.”

मग कोण बसतं, हा प्रश्न तिने विचारला आणि त्याने सुतळीची गाठ सोडून पुन्हा घातली. ती थांबली. पोरीला झोपवता झोपवता तिला एक विद्या आली होती, काही न करता थांबायची. पण मस्तान तिच्याहून मुरलेला निघाला.

“शब्द दिलाय,” एवढंच तो शेवटी म्हणाला. “विचाराल तर खोटं बोलावं लागेल. जाता जाता ते नको.”

शब्द कुणाला दिला? फलाहला नक्कीच नाही. फलाहला शब्द देऊन कोणी स्वतःचा इकामा घालवणार नाही. जर्राहला? जर्राहचं गुपित असतं तर ते आतापर्यंत अर्ध्या वस्तीला कळलं असतं. तिने मस्तानला सांगून पाहिलं, की तुझ्या मुलीचं शिक्षण आहे, तू चोर ठरतोयस, ज्याच्यासाठी गप्प आहेस त्याला हे माहीत तरी आहे का? या शेवटच्या प्रश्नावर मस्तानचा हात थांबला. त्याला माहीत नसावं, असं तो म्हणाला, आणि कळूही नये.

ती निघाली तेव्हा तो दारापर्यंत आला.

“मॅडम, एक करा. मी गेल्यावर टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका.”

“का?”

“मधेच बंद पडली तर,” असं म्हणून तो थांबला आणि त्याने दार लावून घेतलं.

४

जी गाडी उभीच असते ती मधेच बंद पडली तर काय बिघडतं?

लुलवा हयाला खांद्यावर घेऊन मधल्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत येरझाऱ्या घालत होती. दुपारची जेवणं झाली होती, घर सुस्तावलं होतं, सगळ्या भिंतींवरच्या एसींची एकच घरघर. त्या आवाजात खाली ट्रक चालू असता तरी ऐकू आला नसता. फलाह वर झोपला होता. रात्रीच्या विमानाला फार वेळ उरला नव्हता. गाडी बंद पडली तर एसी बंद पडेल. एसी बंद पडला तर आत जो असेल तो... मस्तानला पेट्रोलची काळजी नव्हती. आतल्या माणसाची होती.

हयाचा डोळा लागला. लुलवाने सवयीने तिच्या नाकापुढे तळहात धरला आणि छाती वरखाली होते का पाहिलं. रात्रीतून किती वेळा ती हे करायची, याची तिला लाज वाटायची. बाळाला पाळण्यात ठेवून ती खिडकीशी आली. शेडचा पत्रा दिसत होता आणि पत्र्याखालून बाहेर आलेला फरशीचा एक ओला पट्टा. दोन साळुंक्या त्यात चोची बुडवत होत्या. आठवडेच्या आठवडे पाऊस नाही, फरशी धुतलेली नाही, आणि पाणी. चालू एसीचं ठिबकणारं पाणी.

याच वेळी, रोज याच वेळी, ती या खिडकीतून साळुंक्या बघत आली होती. पाणी कुठलं, हे तिने कधी विचारलं नाही.

ती खाली उतरली. आधी दिवाणियात डोकावली, फाटकाजवळच्या त्या पुरुषांच्या बैठकीत. भिंतीकडेने गाद्या, मधे टेकायचे लोड. एका कोपऱ्यात लोड नव्हता. पलीकडचं दार सासऱ्यांच्या खोलीचं. बायको गेल्यापासून ते इथेच झोपत, बाहेरचं दार वेगळं, येणं-जाणं कुणाला कळत नसे. लुलवाने दार ढकललं. खोली रिकामी. पलंगावरच्या चादरीला इस्त्रीची घडी तशीच होती, कडक. चादर आठवड्यापूर्वी घातली होती, तिनेच घालून घेतली होती.

पलंगाखाली त्यांच्या चामडी चपला होत्या, धूळ खात. लुलवाने आठवलं. हल्ली ते जर्राहच्या रुंद रबरी सपाता घालून फिरत. तिने थट्टाही केली होती, की बाबा तरुण झाले. ते हसले होते, पण उत्तर दोन तुकड्यांत दिलं होतं, मधे श्वास घेऊन. जिना चढताना ते अर्ध्यावर थांबून हयाशी बोलत. नातीचं कौतुक, असं सगळे म्हणायचे. कौतुक होतंच. पण ते नेहमी त्याच पायरीवर यायचं. चार घास खाऊन उठायचे. मशिदीत बसतो म्हणायचे.

सुजलेले पाय. तुटणारा श्वास. न मोडलेली चादर.

या घरात एक श्वास ती रात्रंदिवस मोजत होती. दुसरा तिच्या पायाखालच्या मजल्यावर अडखळत होता.

ती अनवाणीच धावली. फरशी भाजत होती. शेडमध्ये गाडी चालू होती, पुढच्या काचेवर चंदेरी पडदा. तिने बाजूच्या काचेवर टकटक केलं. मग मूठ आपटली. दार आतून बंद होतं, आणि आतून कुणी हललं नाही.

५

काचेला कपाळ टेकवल्यावर आतलं दिसलं. ड्रायव्हरच्या शेजारची सीट पार मागे सरकवलेली, पाठ अर्धी कललेली, मानेखाली दिवाणियातला लोड. बू फलाह डोळे मिटून पडले होते. लुलवाने श्वास रोखला आणि त्यांच्या छातीकडे पाहिलं, जसं पाळण्यात पाहायची तसं. वर. खाली. फार वरवर, फार घाईने, पण चालू.

तिने पुन्हा मूठ आपटली. त्यांनी डोळे उघडले, तिला ओळखायला थोडा वेळ घेतला, आणि हात लांबवून कुलूप उघडलं. त्यांचे ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे दिसत होते.

“हळू,” ते म्हणाले. “घर झोपलंय.”

ती त्यांच्या पायाशी बसली. त्यांनी काही लपवलं नाही; लपवायला लागते तेवढी ताकदच उरली नव्हती. आडवं झालं की छातीत पाणी चढल्यासारखं वाटतं, असं ते म्हणाले. एका रात्री जीव घाबरा झाला म्हणून ते गाडीत येऊन बसले, गार वारा तोंडावर घेतला, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा झोप लागली. तेव्हापासून हेच. दिवाणियात टेकून झोपलं तर येणारेजाणारे विचारतात. गाडीला कोणी विचारत नाही. एकदा मस्तानने पाहिलं, त्याच्याकडून शब्द घेतला. तेव्हापासून टाकी कधी रिकामी सापडली नाही.

“डॉक्टरकडे का नाही गेलात, बाबा?”

त्यांनी मानेखालचा लोड सरळ केला.

“तुझ्या सासूला इस्पितळात दोन दिवसांसाठी नेलं होतं,” ते म्हणाले. “दोन दिवसांचे कपडे दिले होते मी बांधून.”

लुलवाने त्यांच्या पावलावर बोट दाबलं. खळगा पडला आणि तसाच राहिला. समजावून, रडून, हट्ट करून हा माणूस हलणार नाही, हे तिला कळत होतं. मग तिने जे खरं होतं तेच सांगितलं.

“मस्तान आज रात्री जातोय. फलाहने चोर ठरवलाय त्याला.”

“कशाचा चोर?”

“तुम्ही इथे बसून जाळलेल्या पेट्रोलचा. तो तुमचं नाव घेत नाही.”

बू फलाह उठून बसले. त्यासाठी त्यांना दाराला धरावं लागलं. चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा राग दिसला, आणि रागाने त्यांना जरा बळ दिलं.

“बोलाव त्याला,” ते म्हणाले. “म्हणावं, गाडी काढ. जिथे न्यायचं तिथे नेऊ दे, पण चालवेल तोच.”

६

फलाह इस्पितळात पोचला तेव्हा त्याचा सदरा उलटा होता. जर्राह घरी हयापाशी बसला होता. दर थोड्या वेळाने तिच्या श्वासाची खबर फोनवर पाठवत होता, कुणी न सांगता. मिशारीला कळवलं होतं, तो वाळवंटातून निघाला होता.

डॉक्टरीणबाई इजिप्तच्या होत्या, डोळ्यांखाली लुलवासारखीच काळी वर्तुळं. त्यांनी फलाहला पहिला प्रश्न विचारला, वडील किती उशा घेऊन झोपतात? फलाहला प्रश्नच कळला नाही. तो तिसऱ्या मजल्यावर राहत होता.

“उशा नाहीत,” लुलवा म्हणाली. “गाडीची सीट.”

बाईंनी मान डोलावली, जणू हे उत्तर त्यांनी आधीही ऐकलं होतं. हृदय थकलं आहे, पाणी फुफ्फुसात साठतं, म्हणून आडवं होता येत नाही. औषधाने पाणी उतरवत आहेत. आणखी आठवडाभर असंच चाललं असतं तर गाडीच्या सीटनेही निभावलं नसतं. आता बघू या, एवढं त्या म्हणाल्या, आणि त्याहून जास्त काही म्हणाल्या नाहीत.

बाकावर बसून लुलवाने फलाहला सगळं उलगडून सांगितलं. टायरचे केस, सरासरी वेग, ओली फरशी, न मोडलेली चादर, मस्तानची गार खोली. आवाज चढवायची तिच्यात ताकद नव्हती आणि गरजही नव्हती. फलाह हिशेबाचा माणूस. आकडे जुळले की तो वाद घालत नसे. तो एकदाच म्हणाला, “बाबा रोज माझ्या खिडकीखाली होते.” मग गुडघ्यांवर कोपरं ठेवून बसून राहिला.

मस्तान भिंतीला टेकून उभा होता. फलाह उठला, त्याच्यासमोर गेला. माफी मागायची त्या घराण्यात रीत नव्हती. त्याने खिशातून गाडीची आपल्याकडची दुसरी किल्ली काढून मस्तानच्या हातात ठेवली आणि म्हणाला की रात्रीचं तिकीट रद्द करून टाकतो.

मस्तानने किल्ली घेतली नाही, परतही केली नाही. तळहातावर तशीच धरून ठेवली. तो लुलवाकडे वळला.

“मॅडम, त्या बाई उशांचं काय म्हणाल्या?”

तिने नीट सांगितलं. तो ऐकत राहिला, आणि ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलत गेला.

“माझा बाप भिंतीला टेकून झोपतो,” तो म्हणाला. “वर्ष होत आलं. बायको म्हणते, खोकला आहे म्हाताऱ्याला. मी पण फोनवर तेच म्हणतो, खोकला आहे.”

स्ट्रेचरचं चाक दूरवर कुरकुरत गेलं.

“तिकीट रद्द नको,” मस्तान म्हणाला. “जाऊन येतो.”

फलाहने फोन काढला. परतीचं तिकीट काढताना त्याने तारीख विचारली, मस्तानने माहीत नाही म्हटलं, तेव्हा फलाह म्हणाला, मग तारीख उघडी ठेवतो. बू फलाहचं पाणी उतरायला लागलं होतं. वॉर्डात हलवल्यावर त्यांनी मस्तानला जवळ बोलावलं आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. रात्री लुलवाने स्वतः गाडी चालवून त्याला विमानतळावर सोडलं. सुतळीचं खोकं मागच्या सीटवर होतं. रस्त्यात त्याने दोनदा घरी फोन लावला, दोन्ही वेळा कुणी उचलला नाही. तिकडे सगळे झोपले असतील, असं ती त्याला म्हणाली, आणि म्हणतानाच तिला वाटलं, एक जण सोडून.

मस्तान पोचून कळवेल. बू फलाह अजून इस्पितळात आहेत, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करून. तोवर तुम्ही एक करा. तुमच्या घरात, नाहीतर शेजारी, नाहीतर गावाकडे कुणी वयाचं माणूस असेल. हल्ली अंगणातच बरं वाटतं, खुर्चीतच डोळा लागतो, असं म्हणणारं. आज त्यांना ‘बरे आहात ना’ असं विचारू नका, ते हो म्हणतील. ते आडवे होऊन झोपतात की टेकून बसतात, तेवढं प्रत्यक्ष जाऊन बघून या. उकडतं म्हणून बसतो म्हणाले, तर आणखी थोडा वेळ तिथेच थांबा.